काकांच्या मापाची गाडी

बलभीमकाका म्हणजे आमच्या घरातला शेवटचा शब्द. नवा ट्रॅक्टर येवो नाहीतर शिलाई मशीन, पूजेचा नारळ फुटला की नव्या वस्तूवर आधी काका बसणार, मग बाकीचे. शर्यतीची एटीव्ही आली तेव्हाही तेच झालं. गळ्यात हार, हातात पेढा, आणि काका त्या चार चाकांच्या फटफटीवर असे बसले की उतरायचं नावच घेईनात.

गाडी चालवायची मात्र मी. भूम गावाबाहेर माळावर मातीची सपाट, लंबगोल धावपट्टी केली आहे. सगळी वळणं डावीकडं. गेल्या वर्षी तिथं मी दुसऱ्याच्या गाडीवर जिंकले, म्हणून तर काकांनी ही घेतली. पण नव्या गाडीवर माझी पार शोभा झाली. वळण आलं की आतली चाकं उचलली जायची आणि गाडी बाहेर फेकली जायची. सरावाला येणारी पोरं खुशाल हसायची.

माझा थोरला भाऊ कृष्णराजदादा ट्रॅक्टर दुरुस्त करतो. गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, त्याही त्यानंच आवळून दिल्या होत्या. त्याला विचारलं की म्हणायचा, "सेटिंग बरोबर हाय. म्या स्वतः मोजलंय." म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! तोंडानं बोलला नाही एवढंच.

शेवटी काकांनी निकाल दिला. "निके, तुझ्या हातात दम न्हाय. रविवारी शर्यतीला शंभू बसंल."

शंभू म्हणजे काकांचा मुलगा. त्यानं लगेच माझं हेल्मेट डोक्यात घालून बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, उद्या सकाळी माळावर या. एकदा बघा, मग काय ते ठरवा," मी म्हणाले.

सकाळी सगळे आले. आणि पहिल्याच फेरीत पुन्हा तेच, चाकं वर! मला रडू यायचं बाकी राहिलं.

"उतर," काका म्हणाले. "बसायचं कसं, म्या दावतो."

धोतर सावरून ते बसले. गाडी हळूच खाली गेली आणि जिथं थांबायला हवी तिथंच थांबली. मी बघतच राहिले. मी बसायचे तेव्हा ती बोटभरही दबायची नाही; उंच, ताठच राहायची, म्हणून तर वळणात चाकं उचलली जायची.

"दादा, तू माप घेतलंस तेव्हा गाडीवर कोण बसलं होतं?"

दादानं आधी आभाळाकडं बघितलं, मग हातातल्या पान्ह्याकडं. "काका."

"क्विंटलभराच्या माणसाला धरून स्प्रिंगा आवळल्यास? आणि चालवायची मी?"

"पूजेचा दिवस व्हता. हार घालून बसलेल्या माणसाला उतरा कसं म्हणू?"

"मग नंतर मोजायचं!"

"काका म्हणले, झालं न्हवं, आता हात लावू नको."

शंभू खो खो हसायला लागला. काका अजून गाडीवरच. मीच म्हणाले, "काका, उतरा."

आमच्या घरात हे त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं. काका माझ्याकडं बघत राहिले. मग उतरले.

बूट, हेल्मेट घालून मी बसले. दादा स्प्रिंगा आवळणारी गोल कडी सैल करत गेला, जमिनीपासूनची उंची पुन्हा पुन्हा मोजत गेला. वळणं डावीकडं, म्हणजे सगळा भार उजवीकडं येणार. ती बाजू त्यानं किंचित ताठ ठेवली. मी जरा हलले की ओरडायचा, "गप बस की!" मी गप बसले. गाडी माझ्याखाली दबली तेव्हा इतकं बरं वाटलं!

मग फेरी मारली. चारही चाकं मातीला धरून, मागचा भाग गुमान सरकत वळणातून बाहेर. हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते. शंभूनं शिट्टी मारली. काका मात्र तसेच घरी गेले. रविवारी कोण बसणार, ते काही सांगितलं नाही.

रविवारी पुन्हा नारळ, पुन्हा हार, शिवाय तेरखेड्याची फटाक्यांची लड. नारळ फुटला तसे सगळे सवयीनं बाजूला झाले, काकांना वाट द्यायला. काका गाडीजवळ आले. सीटवरून हात फिरवला आणि हार माझ्या गळ्यात घातला.

"बस, निके."

मी हार सावरला. "काका, आधी तुम्ही..."

"न्हाय. आता म्या बसलो तर तुझं माप बिघडंल."

नुसतं बसल्यानं माप बिघडत नाही, हे मला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि मी बसले.