झाडलेली वाळू

तीर मी आजवर दोनदाच पाहिला होता. एकदा जोधपूरच्या कॉलेजात, बाटलीत. एकदा सडकेवर, ट्रकखाली आलेला. आमच्या ढाणीत, म्हणजे चार घरांच्या वस्तीत, तीर म्हणतात तो करंगळीएवढा बारीक, वाळूच्या रंगाचा साप. जिवंत बघायचाच म्हणून खायला बाजरीचे सोगरे, पाण्याची छागळ, खराटा आणि अंथरूण घेऊन एकटीच निघाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नोकरीसाठी बिकानेरची बस होती. हाती एकच सकाळ उरली होती.

संध्याकाळी टेकाडाच्या पायथ्याशी, कैराच्या झुडपांसमोर वाळूचा लांब पट्टा झाडून ठेवला. सपाट वाळूवर जो जाईल त्याची खूण उमटते. मग वर जाऊन झोपले.

उजाडताना खाली उतरले, तर माझ्या पट्ट्यावर वाकून कोणीतरी माझाच खराटा मारत होतं. वरजूभुआ! समोरच्या ढाणीत राहणारी, वडिलांची चुलत बहीण.

"भुआ, थांब! काय करतेस?"

"आलीस होय? शेळ्या घेऊन आले, तर हे वाकडंतिकडं झाडलेलं. म्हटलं, हे आपल्या हरकूचंच काम. शिकली नि झाडणं विसरली. सासरी नाव आमचंच जाईल ना!"

"अगं, त्यावर खुणा होत्या."

"होत्या की. किडे, उंदीर, कोल्हा. नुसता उकिरडा. सगळा साफ केला."

"सापाची होती?"

"मी काय त्यांची हजेरी घेते?"

मी खाली बसून तीर बघायला आल्याचं सांगू लागले. भुआनं लोट्यातलं ताक पुढे केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"लोक साप दिसू नये म्हणून गोगाजीला नवस बोलतात, नि ही दिसावा म्हणून रडते. देवानं ऐकायचं तरी कोणाचं?"

मला हसू आलं. ताक पिऊन होईतो ऊन पट्ट्यावर आलं. लोटा परत देताना सहज तिकडे पाहिलं, तर मघाशी नव्हती अशी एक रेघ. बारीक, नागमोडी, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. तीर दिवसा हिंडतो हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरी आमच्याकडे अंगण संध्याकाळी झाडतात म्हणून संध्याकाळीच झाडलं होतं.

रेघ कैराच्या बुंध्याशी संपली. वाकून मुळांशी पाहिलं, काही नाही. मग भुआनंच माझी बाही ओढली.

"खाली काय बघतेस? वर बघ."

लाल फुलांच्या मधोमध, फांदीला फांदीसारखाच टेकलेला. डोळ्यातून गेलेली तपकिरी पट्टी बाटलीतल्यापेक्षा कितीतरी गडद होती. गळा हलत होता. श्वास! बाटलीत तेवढंच दिसत नाही.

"चावेल का गं?" भुआ कुजबुजली.

"उगाच नाही. आपल्यालाच भितोय."

"मग शेळ्या आवरते. कैर दिसला की तुटून पडतात मेल्या."

हात पसरून ती शेळ्यांच्या आडवी उभी राहिली, त्यांना दबक्या आवाजात शिव्या देत. मी वाळूवर नीट मांडी घातली.