बसने आले

मी कोफिमवाबा गावच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करते, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले. नवऱ्याने, मझिमासीने, वर्षभर चेष्टा केली. मी मॅरेथॉनला निघाले त्या सकाळी माझी पिशवी शेअर टॅक्सीत चढवताना म्हणाला, "मामतोलो, दमलीस तर लाजू नकोस. ज्यांना झेपत नाही त्यांना उचलायला मागून बस असते म्हणे."

"त्या बसमध्ये चढले तर नाव बदलीन," मी म्हणाले. टॅक्सीतली पंधराच्या पंधरा माणसं ऐकत होती. झालं, आता परतीचा रस्ताच बंद.

आजवरचे माझे सगळे प्रवास मयताचे नाहीतर लग्नाचे, मांडीवर पातेलं घेऊन. या वेळी मांडीवर काही नव्हतं. केई नदीचा घाट उतरताना खिडकी उघडी ठेवली, थांब्यावर तळलेला गरम पाव घेतला आणि कुणालाही अर्धा न देता अख्खा खाल्ला. उगाचच हसू येत होतं. असं एकटीने जाण्यात एवढं सुख असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शर्यत दुसऱ्या दिवशी, समुद्रापर्यंत बेचाळीस किलोमीटर. साडेपाच तास झाले की शेवटच्या रेषेवर बंदूक वाजते. ती वाजवणारा माणूस पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, दया येऊ नये म्हणून. त्यानंतर पोचलात तर पदक नाही.

बाराव्या किलोमीटरला रस्त्याकडेला बायका मांस भाजत बसल्या होत्या. त्यातली एक ओरडली, "ओ मा, एकट्या कशाला मरताय? मागून बस येतेय, तिच्यात चढा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू चढ," म्हटलं आणि वेग वाढवला. पुढच्या वळणावर एक म्हातारा तेच बोलला. पाण्याच्या टेबलावरची पोरगीही तेच. सगळ्या जगाने मझिमासीशी संगनमत केलं होतं जणू. त्या बसपासून पळत मी पुढचे सोळा किलोमीटर काढले, आणि तो वेग काही माझ्या कुवतीतला नव्हता.

अठ्ठाविसाव्याला पाय दगड झाले. मी कडेला बसले. संपलं, म्हटलं. आता बस येईल, मी चढेन आणि ती पंधरा माणसं गावभर सांगतील.

मागून गाणं ऐकू आलं. गाडीचा आवाज मात्र नाही. चाळीसेक माणसं ओळीने, एका पावलात पळत येत होती. पुढे एक उंच माणूस, हातात काठी, काठीला कापड, त्यावर लिहिलेलं ५:१५.

"चढा, मा," तो म्हणाला.

"कशात?"

"बसमध्ये. मी ड्रायव्हर, लुवुयो."

"आणि गाडी कुठंय?"

सगळी ओळ हसली. "हे काय, एवढे पाय आहेत की," तो म्हणाला. "सव्वापाच तासांत पोचवणारी बस आहे. चारशे पावलं पळायचं, शंभर चालायचं, मोजायचं काम माझं. ए, सरका जरा, मांना मध्ये घ्या."

ज्या बसला घाबरून मी जीव तोडून पळाले, ती ही होती. मी उठले. तो म्हणाला तेव्हा पळाले, म्हणाला तेव्हा चालले. शेवटच्या चढावर बस रेंगाळली, पण लुवुयोने कुणाला उतरू दिलं नाही.

बंदूकवाल्याची पाठ दिसली तेव्हा चार मिनिटं उरली होती. पदक गळ्यात पडलं आणि मी गवतावर बसून मोकळेपणाने रडले. समोर समुद्र होता, तो मी नंतर पाहिला.

मग घरी फोन लावला.

"पोचलीस?" मझिमासीने विचारलं.

"पोचले. बसने आले."

मी हसू दाबलं, वर्षभराची चेष्टा फेडायची होती.

"असू दे," तो हळूच म्हणाला. "टॅक्सीतल्यांना मी सांगतो, आयोजकांनीच चुकीचा रस्ता दाखवला. काही खाल्लंस का?"

पुढे मला चेष्टा करवेना. "अहो, पदक आहे गळ्यात," मी म्हणाले.

"बसमध्ये पदक देतात?"

"या बसमध्ये देतात."