बुरुजावरची दुर्बीण आणि लाल टॉवेल

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. गळ्यात अडकवायची नव्हे हं! राजधानीच्या टेकडीवर जो किल्ला आहे, त्याच्या बुरुजावर मला लोखंडी खांबाला कायमचं जखडलं आहे. नाणं टाकलं की माझा डोळा उघडतो आणि थोड्या वेळानं खट्कन मिटतो.

इथं आले तेव्हा माझा काय तोरा होता! पाहुण्यांना मी राजवाड्याची गच्ची दाखवली, नदीवरचा दगडी पूल दाखवला, संसदेचा घुमट दाखवला. पुढे नव्या वस्तीतल्या काचेच्या इमारतीही दाखवल्या. "अगंबाई, हाताला लागेल इतकं जवळ!" असं म्हणून माणसं माझं कौतुक करायची.

पण माझं खरं गिऱ्हाईक एकच, बुरूज झाडणाऱ्या मावशी. त्यांचं घर नदीपलीकडच्या जुन्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. नवऱ्याची, म्हणजे काकांची, वाचा अर्धांगवायूनं गेलेली, मग फोनवर बोलणार काय? म्हणून दोघांनी युक्ती काढली. काकांनी सकाळी भिंतीच्या आधारानं खिडकीशी यायचं आणि लाल टॉवेल बाहेर टाकायचा. रात्री तो आत घ्यायचा. मावशी रुमालानं माझी काच पुसून बघायच्या. टॉवेल दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. "उठले बाई आमचे राजे!" असं हसत म्हणून त्या झाडू उचलायच्या. नाही दिसला तर तडक घर गाठायचं ठरलेलं होतं.

मग नदीकाठी एक मनोरा उठू लागला. त्याच्या शेंड्यावर म्हणे काचेचा सज्जा होणार, तिथून जुनी-नवी सगळी राजधानी दिसणार. मजल्यावर मजला चढला. आधी गल्ली झाकली गेली, मग घराचं दार. खिडकी तेवढी उरली. मावशींनी घराजवळ बदली मागितली. साहेब म्हणाले, "बघू."

मावशींच्या सुट्टीत आणखी एक मजला चढला. त्या कामावर परतल्या त्या सकाळी धुकं होतं. खिडकीच्या जागी नवा उघडा मजला होता आणि तिथं कुणा कामगारानं लाल कापड वाळत घातलं होतं. मावशींनी पाहिलं.

"उठले बाई आमचे राजे!"

ते कापड मनोऱ्यावरचं आहे, खिडकीतलं नाही, हे मला कळत होतं. पण मला डोळा आहे, तोंड नाही. मावशी दिवसभर गुणगुणत पायऱ्या झाडत राहिल्या.

पुढचं त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं, ते मी ऐकलं. संध्याकाळी त्या घरी गेल्या तेव्हा काका पलंग आणि खिडकी यांच्या मधे पडले होते. टॉवेल हातातच होता. डॉक्टर म्हणाले, "सकाळी आणलं असतं तर वाचले असते."

त्यानंतर मावशी एकदाच माझ्यातून बघायला आल्या. काच पुसली, नाणं टाकलं. समोर नुसती मनोऱ्याची भिंत.

"दाखव ना गं," त्या म्हणाल्या.

मी काय दाखवणार? खट्कन डोळा मिटला.

आता माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे. पाहुणे मनोऱ्यावर जातात. मित्रांनो, मला पुसा असं मी म्हणत नाही. त्याचा आता काही उपयोग नाही. फक्त उंच काही बांधाल तेव्हा त्याच्या मागे कोण राहतं, हे आधी विचारा. मावशींना कुणी विचारलं नव्हतं. त्या अजून रोज बुरूज झाडायला येतात. माझ्यापाशी आल्या की पाठ फिरवून झाडतात.