पान चार, तळाशी

"सरकार माणसाचं घर कधीच समोरून पाडत नाही. आधी ते पान चारवर, तळाशी, बारीक टायपात पाडतं!"

एवढं बोलून निवृत्त मोजणीदारांनी उजवा हात उंचावला. हातात जिल्ह्याचं मासिक वार्तापत्र होतं आणि वार्तापत्रावर मटारची टरफलं. ती सगळी त्यांच्याच डोक्यावर पडली.

"सोलून झाले का?" शिवणयंत्रावरून मान वर न करता ताईने विचारलं.

ताई त्यांची थोरली बहीण. तीस वर्षं घराच्या पुढच्या ओट्यावर तिचं शिवणकाम चाललं होतं. ओटा नकाशापेक्षा दीड हात पुढे होता. हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं, कारण मोजणी त्यानेच केली होती आणि बहिणीच्या मायेपोटी फीत जरा सैल धरली होती. तेव्हापासून वार्तापत्र आलं की ते भिंग घेऊन बसत आणि उद्घाटनांपासून हरवलेल्या कुत्र्यांपर्यंत अक्षर न् अक्षर वाचत.

या वेळी पान चारवर छापलं होतं : '...टाकीमागच्या गल्लीत घर क्रमांक सातसमोर. हरकत असल्यास गुरुवारी अकराच्या आत लेखी नोंदवावी.' खाली साहेबांचं नाव, पद आणि झाडून सगळ्या पदव्या.

"सातसमोर काय? ते गुलदस्त्यात! सात म्हणजे आपण. सोमवारी दोघं फीत घेऊन आले होते, ते काय हवा खायला?"

"पाणी मागितलं त्यांनी. मी दिलं."

"दिलंस? अगं, ओटा बघायचा बहाणा तो!"

"बहाणा कशाला? ओट्यावरच बसून प्यायले."

मोजणीदारांनी कपाळावर हात मारला. संध्याकाळी समोरच्या न्हाव्याने नमस्कार केला, तोही त्यांनी वहीत वेळेसकट टिपून ठेवला. चार वर्षांत न केलेला नमस्कार आजच का?

ताई हसली खरी, पण दुसऱ्या दिवशी आलेलं नवं काम तिने परत पाठवलं. "ओटा गेला तर यंत्र कुठे मांडू रे?" एवढंच म्हणाली. त्यानंतर मोजणीदारांनी एका बैठकीत एकोणीस पानांची हरकत लिहिली. सरकारी शिस्तीप्रमाणे, कागदाच्या एकाच बाजूला.

गुरुवारी दहालाच ते जिल्हा कचेरीत वार्तापत्राच्या टेबलासमोर उभे राहिले. कारकूनबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"तुम्ही पान चार वाचलंत?"

"वाचलं."

"स्वतः? खरं सांगा काका, कोणी पाठवलंय तुम्हाला? चौकशी वगैरे आहे का?"

"उलट प्रश्न नकोत. या वाक्याचं डोकं कुठे गेलं?"

"कापलं. मजकूर जास्त झाला की आम्ही वरून कापतो."

"वरून? खालून का नाही?"

"खाली साहेबांचं नाव असतं."

यावर मोजणीदारांनी समजून मान डोलावली. नोकरी त्यांनीही चौतीस वर्षं केली होती.

बाईंनी फाइल काढून मूळ मजकूर वाचला. "'पुढील ठिकाणी ज्येष्ठ नागरिकांना बसण्यासाठी बाक बसवण्यात येत आहे :' अर्ज अकरा वर्षांपूर्वीचा. ही सही... काका, तुमचीच की!"

मोजणीदारांनी सहीला भिंग लावलं. शेपटीचा फराटा त्यांचाच होता. तरी कागद उलटा करून उजेडाला धरून पाहिला.

"अकराच वर्षांत मंजूर? इतक्या तातडीने? बाई, यात काहीतरी आहे."

"आता मंजूर झालं त्याचीही हरकत?"

"म्हणजे ओट्याला हात लागणार नाही?"

"कुठला ओटा?"

"कुठलाच नाही," असं म्हणून ते जे निघाले, ते घरी येऊनच थांबले.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि यंत्रावरची चादर काढली. परत पाठवलेलं काम तिने सकाळीच जाऊन आणलं होतं.

"हुरळून जाऊ नकोस," मोजणीदार खालच्या आवाजात म्हणाले. "आज बाक. उद्या त्या बाकावर त्यांचा माणूस बसेल. ओट्याच्या बरोब्बर समोर!"

"बसू दे. ते एकोणीस कागद पाठकोरे आहेत ना?"

"आहेत. का?"

"दे इकडे. बाहीचं पेपर कटिंग काढायचंय."