धुरपताबाईचं इंग्रजी

मी ढोली बोलतेय. धान साठवायची, बांबूच्या कमच्यांनी विणलेली, शेणमातीने लिंपलेली. कोणी कणगी म्हणतं, म्हणा बापडे. आसगावात श्यामरावांच्या घरी मला उभं केलं तेव्हा माझ्या पोटात वीस पोती धान मावायचं आणि त्याचा मला भारी ताठा होता.

१९७६ साली या घरात ललिता सून म्हणून आली. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास. पण मास्तरीणबाई व्हायचं मनात पक्कं. सासऱ्यांनी, श्यामरावांनी, एकदाच सांगितलं, "ऑक्टोबरात पास झाली त शिक. नाही त पुस्तकं बंद."

तिने खडूने माझ्याच अंगावर इंग्रजी वाक्प्रचार लिहायला घेतले. मला काय राग आला! धानाच्या ढोलीचा कोणी फळा करतं का? पण काम करता करता बिचारी वाचत राहायची. अर्थ सगळे तोंडपाठ. वाक्यात घालायची वेळ आली, की लग्नातलं बोलणं मयतीत जायचं. तिथंच तिचे गुण कापले जायचे.

सासूला, धुरपताबाईला, अक्षरओळख नव्हती. बोलण्यात मात्र घडोघडी म्हण. एक दिवस तांदूळ निवडताना ती म्हणाली, "साऱ्या भाज्यांत एकच मसाला काहून टाकून राहिली वो बाई? हे कोन, कोनाले, कवा म्हणते, थे सांग आधी."

"टर्न अ डेफ इअर, आत्याबाई. ऐकून न ऐकल्यासारखं करनं."

"अगो माय! हे त तुह्या सासऱ्याचंच हाये. तंबाखू सोडा म्हटलं का झालं!"

दोघी पोट धरून हसल्या आणि श्यामरावांवरचं वाक्य खडूने माझ्यावर चढलं. तेव्हापासून घरात घडलं तेच ललिता वाक्यात घालायची. एकच राहिलं होतं: स्टँड बाय, म्हणजे पाठीशी उभं राहणं. "याचं वाक्य मले येते," एवढंच बोलून ललिताने मान खाली घातली.

पेपरात नेमकं तेच आलं. घरी येऊन तिने सांगितलं, "आत्याबाई, म्या लिवलं, माय मदर-इन-लॉ धुरपताबाई स्टँड्स बाय मी. माह्या सासूबाई माह्या पाठीशी उभ्या राह्यतेत."

"माहं नाव? पेपरात?" धुरपताबाई रडायलाच लागली. "मले लिवून दाखव." ललिताने गेरूने माझ्यावर लिहिलं.

पस्तीस लागत होते, अडतीस मिळाले. पुढे ट्रेनिंग करून ती अड्याळच्या शाळेत बाई झाली.

धुरपताबाई दर दिवाळीला मला लिंपायची, तेवढी ओळ सोडून. शेजारच्या गिरजाबाईने विचारलं, "एवढा तुकडा काहून सोडला वो?"

"राहू दे. थ्या इंग्रजीत मी आहो."

मागच्या पौषात धुरपताबाई गेली. धान आता पोत्यांतच राहतं. मी रिकामी, कमच्या निसटल्यात. श्यामराव मला मोडणार म्हणतात. मोडा, तक्रार नाही. पण आधी ललिताला बोलवा. ती ओळ तिने एकदा मोठ्याने वाचावी. धुरपताबाई रोज त्या ओळीवर हात फिरवायची. तिला ती वाचता येत नव्हती हो.