भोंग्यावर हरवलेला माणूस

कुसागाया स्टेशनाच्या दक्षिण बाजूला माझं कोरोक्केचं दुकान आहे. आत बटाट्याचं सारण, वर पावाचा चुरा, आणि कढईतून थेट गिऱ्हाइकाच्या हातात. संध्याकाळची गाडी माणसं ओतून गेली की मला नाक शिंकरायला फुरसत नसते. अशा ऐन गर्दीत नगरपालिकेचा भोंगा वाजला.

"नागरिकांना विनंती. एक वृद्ध गृहस्थ परवापासून बेपत्ता आहेत."

आमच्याकडे हे नेहमीचंच. नाव सांगत नाहीत, फक्त वय आणि कपडे. एक भोंगा शाळेवर, एक स्टेशनावर. दोघांचे शब्द एकमेकांवर आपटतात, म्हणून भोंग्यावरची बाई थांबत थांबत बोलते.

"सुटला बिचारा बायकोच्या तावडीतून!" शेजारचा हिरामात्सु न्हावी दारातून म्हणाला.

"तुम्ही हरवलात तर तुमची बायको भोंग्याची तारच कापेल," मी म्हटलं.

"वय बहात्तर. बारीक अंगकाठी. राखाडी जाकीट. तपकिरी लोकरीची टोपी. टोपीला... डाव्या कानावर... हिरव्या लोकरीचं रफू. माहिती असल्यास उत्तर बाजूच्या पोलीस चौकीत कळवावं."

माझा झारा कढईतच राहिला. ते रफू मी केलं होतं. तपकिरी लोकर संपली होती, म्हटलं म्हाताऱ्याच्या कानाकडे बघतंय कोण!

"अहो इसोकोबाई, हे तर तुमचे तोकुजी!" हिरामात्सु खो खो हसत सुटला. "कुठे सांडून आलात नवऱ्याला?"

सांडते कशाला? नवरा माडीवर झोपला होता! परवापासून तापाने फणफणला होता, मीच त्याला पेज भरवत होते. मग हा हरवला कुणाचा? अशी तक्रार घरचेच करतात. त्याच्या घरची म्हणजे मी. आणि मी तर इथे उभी!

कोरोक्के करपले. गॅस बंद केला, गिऱ्हाइकांना "आज नाही, जा" म्हटलं आणि ॲप्रनसकट निघाले.

मध्ये फाटक. एक गाडी गेली की दुसरी येते, दांडी काही वर जात नाही. म्हणून दक्षिणेची माणसं उत्तरेला फिरकत नाहीत. तिकडे आहे तरी काय, दाताचे डॉक्टर आणि पाचिंकोचे जुगारी अड्डे! तोकुजी मात्र रोज दुपारी जायचा, क्लबात गोचा पट मांडून सोंगट्या खेळायला. डोकं तल्लख राहतं म्हणे. दांडीशी उभी राहून मी मनात घोकत होते, देवा, हिरव्या रफूचे दोन म्हातारे असू देत या गावात. पंचेचाळीस वर्षांचा माझा संसार त्या एका टोपीवर येऊन ठेपला होता.

चौकीत टेबलामागे तरुण हवालदार होता आणि समोर पस्तिशीतली एक बाई. तिने वळून पाहिलं. तिचे कान तोकुजीचे होते! तेच पसरट, वरून दुमडलेले. आम्हाला मूलबाळ नाही. सासूने मरेपर्यंत मला वांझोटी म्हणून हिणवलं, आणि हा गृहस्थ खाली मान घालून जेवत राहिला!

"तो माणूस माझ्या घरी आहे," मी कशीबशी म्हणाले. "ताप होता. आता उतरलाय."

पोरगी मटकन खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडायला लागली. "बाबा बरे आहेत! आई गेल्यापासून मला तेवढेच आहेत हो." मग एकदम उठली आणि कमरेत वाकली. "म्हणजे तुम्ही आत्या! मी चिनात्सु. तुमचे पाय अधू आहेत ना? तुम्हाला एकटीला उठवत नाही म्हणून बाबा रोज रात्री तुमच्याकडे झोपतात. तुम्हाला कुणी आलेलं आवडत नाही म्हणून पत्ताही देत नाहीत, नाहीतर मीच आले असते. आणि तुम्ही चालत आलात?"

आत्या! दिवसभर कढईपुढे उभी राहणारी मी, आणि पाय अधू! संताप असा आला की त्याला माडीवरून फरफटत आणावं.

"आजी, तुमचं नातं काय म्हणालात?" हवालदाराने विचारलं.

बायको, हा शब्द जिभेवर आला होता. पण पोरीकडे पाहिलं. तिचा काय दोष? आणि बायको म्हटलं की पुन्हा त्याच माणसाला पेज भरवायची.

"बहीण," मी म्हणाले. "थोरली."

मग चिनात्सुचा हात धरला. "चल, आत्ताच्या आत्ता बापाला घेऊन जा. कपडेही सगळे बांधून देते. भावाने बहिणीकडे चार दिवस राहावं, जन्मभर नाही."

"पण मग रात्री तुम्हाला कोण उठवणार?"

"माझे पाय आजच बरे झाले," मी म्हटलं.