चिकटपट्टीखालचा श्वास

मित्रांनो, तुम्ही मला भिंतीवर खिळ्याला टांगलेलं पाहिलंत तर म्हणाल, ही अडगळ इथे कशाला? मीही तेच म्हणते. मी डिझेलची एक जुनी नळी आहे. हातभर लांब, काळी, आणि आता कुठल्याच कामाची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका माणसाने मला दुकानातून मापून कापून घेतलं आणि आपल्या शिडाच्या बोटीत बसवलं. शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण वारा पडला की शिडाचं काही चालत नाही, मग इंजिनच लागतं. त्या इंजिनाला टाकीतलं डिझेल पोचवायचं, एवढंच माझं काम. माझी जागा फळ्यांखाली होती. तिथे कायम अंधार, तळाशी थोडं पाणी आणि वर माणसांची पावलं. मालक इंजिनावर खूश होता. माझं नाव कुणी घेत नसे, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही.

एका लाकडी कडेला घासून घासून मी झिजले. मालकाने ते पाहिलं, माझ्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आजारी पडला आणि गेला.

बोट त्याच्या दोन मुलींकडे आली. लहानपणी बाबा ज्या बेटावर न्यायचे, तिथे दोघींनी मिळून एकदा जायचं, असं त्यांनी ठरवलं. त्याआधी डिझेलच्या जुन्या नळ्या बदलायला घेतल्या. धाकटीने फळ्या उचलल्या. माझ्या बहिणी एकेक करून निघाल्या, त्यांच्या जागी नव्याकोऱ्या नळ्या आल्या. माझ्यापाशी येताच थोरलीने तिचा हात धरला.

"ही राहू दे गं. बाबांच्या हातची पट्टी आहे."

"ताई, हीच तर सगळ्यात जुनी दिसतेय."

"गळते का कुठे? बघ, थेंबसुद्धा नाही."

थेंब नव्हताच. पण इंजिन माझ्यातून डिझेल ओढून घेतं. म्हणून पट्टीखालच्या भेगेतून डिझेल बाहेर येत नव्हतं, हवा आत जात होती. मित्रांनो, मी श्वास घ्यायला लागले होते. हे सांगायला मला तोंड नव्हतं. धाकटीने एकदा बहिणीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि फळी बंद केली.

दोघी निघाल्या. बंदराच्या तोंडाशी इंजिन खोकलं आणि बंद पडलं. त्या शांततेत माझ्यातलं डिझेल मागे टाकीकडे उतरलं आणि भेगेतून हवा आत शिरली. हळू, लांबलचक. झोपेत कुणीतरी सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला.

"ऐकलंस?" थोरलीने विचारलं. "बाबा आहेत."

"वेडी आहेस का? शीड वर घे."

शिडावर त्या परत आल्या. पुढच्या वेळीही इंजिन तिथेच थांबलं, कारण तेवढी हवा साठायला तेवढाच वेळ लागायचा. हे त्यांना कुठून कळणार? थोरली म्हणाली, "आपण बाहेर गेलेलं त्यांना नकोय." मग ती एकटीच बोटीवर येऊन बसू लागली. फळीला तोंड लावून घरातलं सगळं सांगायची, आणि उत्तराची वाट बघायची. खालच्या अंधारात मला भीती वाटायची.

तिसऱ्या खेपेला वारा अगदी पडलेला होता. इंजिन बंद झालं आणि बोट बंदराच्या दगडी भिंतीकडे सरकू लागली. धाकटीने नांगर टाकला, पण तोही तळावर घसरत राहिला. थोरली मात्र फळीला कान लावून पडून होती.

"ताई, ऊठ. आपटणार आपण."

"बाबा नेतायत. नेऊ दे."

धाकटीने तिला ओढून बाजूला केलं, फळी उचलली आणि मला कापून काढलं. नळ्या बदलताना उरलेला नवा तुकडा बसवला, क्लिपा आवळल्या आणि इंजिनावरच्या छोट्या हातपंपाने हवा काढली. भिंत अगदी जवळ आल्यावर इंजिन सुरू झालं. त्या वाचल्या, आणि ते इंजिन पुन्हा कधी बंद पडलं नाही.

धक्क्यावर धाकटी मला कचऱ्यात टाकायला निघाली होती. थोरलीने मला तिच्या हातातून काढून घेतलं. आता मी तिच्या घरी खिळ्यावर असते, दोन्ही टोकांना बुचं लावलेली. थोरली मला मुठीत दाबते आणि सोडते. भेगेतून हवा आत येते, तोच आवाज होतो. "हं बाबा, ऐकतेय," असं ती म्हणते.

आज सकाळी धाकटी दारात उभी होती. "ताई, वारा छान आहे. बेटावर जाऊन येऊ. चल ना."

"तू जा. बाबांना एकटं कसं टाकू?"

धाकटी एकटीच निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला सांभाळा. माझं मागणं उलटं आहे. कधी या घरी आलात तर मला खिळ्यावरून काढा आणि फेकून द्या. पट्टी लावताना थोरलीचे बाबा पुटपुटले होते, "तात्पुरतं आहे, ही बदलायला हवी." ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. जमलं तर तेवढं तिला सांगा.

ती आली. मूठ आवळते आहे. ती सोडेल तेव्हा मला श्वास घ्यावाच लागेल.